केर घरचा, खत घरचे

सकाळी घंटागाडीची घंटा ऐकू आली की मजल्यामजल्यावर एकच धांदल उडते. कुणी डबा घेऊन जिन्याकडे धावते, कुणी घाईघाईने पिशवीला गाठ मारते. त्या पिशवीत आदल्या दिवशीच्या मटारची टरफले असतात, चहाचा चोथा असतो, उरलेली आमटी असते. आणि त्यातच दुधाची रिकामी पिशवी, मुलाच्या वहीची पाने आणि फुटक्या पेल्याची काचही असते. पिशवी गाडीत पडली की घर स्वच्छ झाले, अशी सर्वांची समजूत. पिशवीचा पुढचा प्रवास मात्र कुणाच्या मनातही येत नाही.

वास्तविक ती पिशवी पुढे कुणाला तरी हातांनी उघडावी लागते. कचरा वेचणारी बाई तीत कागद, प्लॅस्टिक, पत्रा शोधते, कारण तेच विकून तिची चूल पेटते. आमटीत भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. सालींत दडलेली काच बोट कापते. एका घरातील पाच मिनिटांचा आळस दुसऱ्या बाईच्या दिवसाची कमाई असा बुडवतो.

उरलेला माल गावाबाहेरच्या डेपोत जातो. तेथे ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. ओले अन्न हवेवाचून सडू लागते आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार येथील डेपोला आग लागली, तेव्हा धूर कित्येक दिवस शहरावर रेंगाळला व आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीच्या गाझीपूर येथील कचऱ्याच्या डोंगराचा कडा कोसळला, रस्त्यावरची वाहने शेजारच्या कालव्यात ढकलली गेली आणि दोघांचे प्राण गेले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडत राहिला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विहिरींचे पाणी बिघडल्याने वारंवार रस्त्यावर उतरावे लागले.

आता यातील मौजेची म्हणा, खेदाची म्हणा, गोष्ट अशी की आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हा निम्मा भाग घरीच थांबला तर उरलेला निम्मा कोरडा, वासरहित आणि विकण्याजोगा राहतो. म्हणजे प्रश्नाची किल्ली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलेली आहे.

सासूबाईंचा उकिरडा

हे पटून एखादी सून उत्साहाने बादली आणते, तिला भोके पाडते आणि गॅलरीत ठेवते. सासूबाई नाक मुरडतात. "अगं, आमच्या वेळी उकिरडा परसाच्या टोकाला असे. घरात आणून ठेवायची बुद्धी कुणाला झाली नव्हती!" सून म्हणते, "आई, तीन महिने बघा तर खरे." पहिले दोन आठवडे ठीक जातात. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडले की चिलटांचा ढग उठतो, तळाशी काळे पाणी साचते आणि शेजारच्या गॅलरीतून विचारणा होते, "काय हो वहिनी, उंदीर मेलाय का कुठे?" बादली घंटागाडीत रिकामी होते आणि "हे सगळे पुस्तकात ठीक आहे" असा निष्कर्ष निघतो.

अनेक घरांत हा प्रयोग असाच तिसऱ्या आठवड्यात मोडतो. मोडण्याचे कारण सासूबाईंना ठाऊक असते. त्यांना विचारलेले नसते इतकेच. परसातल्या उकिरड्यावर नुसते खरकटे कधीच पडत नसे. गोठ्यातला पेंढा, झाडलोटीचा पाला, चुलीची राख, कडब्याचे तुकडे यांचे थर मधून मधून पडत. बहुतेक खरकटे तर गाईम्हशींच्या आंबोणातच जाई. ओल्यापेक्षा सुके जास्त, म्हणून उकिरडा मोकळा राही. सूनबाईंच्या बादलीत ओले होते, सुके नव्हते. चूक एवढीच.

शेतकरी "चांगले कुजलेले खत" म्हणतो; "चांगले सडलेले" म्हणत नाही. भाषेतला हा भेद घरच्या खताचे सारे शास्त्र सांगून जातो. हवा मिळाली की हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी काम करतात व पदार्थ कुजतो. हवा कोंडली की दुसरे जिवाणू माजतात व पदार्थ सडतो, दुर्गंधी सुटते. भाजीच्या देठांत आणि फळांच्या सालींत ८० ते ९० टक्के पाणीच असते. हे पाणी शोषायला आणि मध्ये हवेच्या वाटा ठेवायला सुका पाला लागतो. शिवाय ओल्या पदार्थांत नत्र भरपूर असते, तर सुक्या पानांत कर्ब. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब मिळाला की जिवाणूंचा आहार समतोल होतो. स्वयंपाकघरात ही मोजणी कोण करणार? म्हणून सोपा नियम: एक वाटी ओल्याला एक ते दोन वाट्या सुके.

इंदूरचा धडा

उकिरड्याच्या या शहाणपणाला शास्त्राची बैठक मिळाली ती होळकरांच्या इंदुरात. १९२४ साली तेथे वनस्पती-उद्योगाची संशोधन संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक होते. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या शास्त्रज्ञाने येथील शेतकऱ्यांच्या रीती बारकाईने पाहिल्या, चीनमधील शेतीची वर्णने वाचली आणि काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसवली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांच्या नावाने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने ही "इंदूर पद्धत" जगभर नेली. पुढे अनेक देशांत सेंद्रिय शेतीचा विचार रुजला, त्याच्या मुळाशी माळव्यातले हे ढीग आहेत.

इंदूर पद्धतीची तीन सूत्रे होती: मिश्रण, ओल आणि हवा. शेतावरच्या खड्ड्याला लागू पडणारी ही सूत्रे गॅलरीतल्या बादलीलाही तशीच लागू पडतात.

तीन बादल्यांची व्यवस्था

चौघांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या तीन बादल्या पुरतात. मातीचे मोठे माठ वा कुंड्या मिळाल्या तर अधिक चांगले, कारण मातीच्या अंगातून ओल आपोआप उडते. बादलीच्या चारी बाजूंना आणि तळाला बोटभर अंतरावर भोके पाडावीत. आतून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला तर माशा शिरत नाहीत. बादली दोन विटांवर ठेवावी व खाली एक ताटली सरकवावी. जागा सावलीची असावी आणि पावसाची झड न येणारी.

सुके साहित्य आधी जमवावे, बादली नंतर आणावी. सोसायटीच्या आवारातील आंबा, बदाम, पिंपळ यांचा पाला पोतेभर गोळा करून ठेवावा. पाला नसेल तर लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंडीचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे बारीक तुकडे चालतात. चकचकीत रंगीत कागद मात्र नको.

तळाशी चार बोटे जाडीचा थर नारळाच्या शेंड्या आणि काटक्यांचा द्यावा, त्यावर पाला. मग ओंजळभर जुने खत किंवा वाळलेले शेण चुरून टाकावे. ते नसेल तर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडावे. हे विरजण होय. दुधाला विरजण लावल्याशिवाय जसे नीट दही लागत नाही, तसेच इथेही पहिल्या वेळी लागते. पुढच्या बादलीला आधीच्या बादलीतले ओंजळभर खत पुरते.

रोजचे काम पाच मिनिटांचे. ओट्यावर जाळीच्या टोपलीत दिवसभराची साले, देठे, चहाचा चोथा साठवावा म्हणजे पाणी निथळून जाते. मोठे तुकडे चिरून बोटाच्या पेराएवढे करावेत. संध्याकाळी ते बादलीत पसरावे आणि त्यावर दुप्पट पाला घालावा. ओले कधीही उघडे दिसता कामा नये. आठवड्यातून दोनदा खुरप्याने वरखाली करावे. ढीग खाली बसत जातो, त्यामुळे एक बादली भरायला तीन ते चार आठवडे लागतात. ती भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी, मग तिसरी. तिसरी भरेपर्यंत पहिलीतले खत तयार होत आलेले असते.

ओल बरोबर आहे की नाही हे मुठीने कळते. ओंजळभर मिश्रण मुठीत दाबावे. लाडू वळावा तसा गोळा झाला आणि बोटांतून पाणी आले नाही, तर ओल योग्य. पाणी ठिबकले तर सुके वाढवावे. गोळा न होता भुगा झाला तर थोडे पाणी शिंपडावे.

काय घालावे, काय टाळावे

भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहा-कॉफीचा चोथा, चुरलेली अंड्यांची टरफले, कांद्या-लसणाची साले, वाळलेली फुले, कुंड्यांतली छाटणी हे सारे बादलीत जावे. चहा गोड केलेला असेल तर चोथा एकदा धुऊन घ्यावा. मुंग्या येत नाहीत. संत्र्या-लिंबाच्या साली थोड्या घालाव्यात. निर्माल्य जरूर घालावे, मात्र हारातला दोरा, जर आणि चमचमती कागदी सजावट काढून टाकावी. गणपती-नवरात्रात नदीत सोडले जाणारे निर्माल्य तुळशीच्या मुळाशी गेले, तर त्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

पोळी-भाताचे उरलेले घास क्वचित, थोडे आणि भरपूर पाल्यासह चालतील. तेलकट रस्सा, दूध, मांस-मासळी, हाडे छोट्या बादलीत घालू नयेत; दुर्गंधी आणि उंदीर दोन्ही येतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा, रोगट झाडाची पाने आणि बी धरलेले तण टाळावे. मोठ्या ढिगात उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते व रोगजंतू आणि बिया मरतात. घरची बादली तेवढी तापत नाही. म्हणूनच घरच्या खतातून टोमॅटो आणि भोपळ्याची रोपे न बोलावता उगवतात. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी तीन महिन्यांत कुजत नाहीत, त्या वेगळ्या ठेवाव्यात. सॅनिटरी नॅपकिन व लहान मुलांचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, ओळखता येईल अशी खूण करून स्वतंत्र द्यावेत. ते उचलणाऱ्या हातांची एवढी तरी कदर व्हायला हवी.

तिसऱ्या आठवड्याची परीक्षा

बादलीने तक्रार केली की तिचे म्हणणे समजून घ्यावे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी: मिश्रण उपसून वरखाली करावे आणि दोन-तीन ओंजळी भुसा वा पाला मिसळावा. डोळ्यांत झोंबणारा उग्र वास म्हणजे हिरवे जास्त: इथेही औषध सुका पालाच. चिलटे झाली तर वर चार बोटे पाल्याचे पांघरूण घालावे आणि मूठभर कडुनिंबाची पेंड भुरभुरावी. मुंग्या दिसल्या तर बादली कोरडी पडली आहे, पाणी शिंपडावे. महिना झाला तरी काही घडत नसेल, तर तुकडे मोठे असतील किंवा ओल कमी असेल. थोडे ताक-पाणी द्यावे.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कामाचीच आहे. पावसाळ्यात कधी जाड, मातकट रंगाच्या अळ्या होतात. त्या किळसवाण्या दिसतात खऱ्या, पण त्या एका निरुपद्रवी काळ्या माशीच्या अळ्या असून कचरा भराभर फस्त करतात. पाला वाढवून ओल कमी केली की त्यांचे प्रमाण घटते. गांडुळांची घाई मात्र करू नये. गांडूळखत उत्तम असते, परंतु गांडुळांना उष्णता, मुंग्या आणि आंबट पदार्थ सोसत नाहीत. आधी साधे खत जमले पाहिजे; गांडुळे ही दुसरी इयत्ता.

खत झाले कसे ओळखावे?

तीन महिन्यांनी बादलीत काळपट तपकिरी, भुसभुशीत पदार्थ दिसतो. त्यात सालही ओळखू येत नाही की देठही. वास घ्यावा, तो पहिल्या पावसात माती भिजल्यासारखा येतो. हा साम्याचा भास नव्हे. मातीत ज्या सूक्ष्मजीवांमुळे तो सुगंध निर्माण होतो, तेच चांगल्या खतातही असतात. शंका असेल तर थोडे खत मातीत मिसळून मेथीचे दाणे पेरावेत. रोपे टवटवीत उगवली तर खत तयार. कोमेजली तर आणखी पंधरा दिवस थांबावे. कच्चे खत कुंडीत घातले तर ते तेथेच कुजत बसते आणि झाडाचे नत्र पळवते.

तयार खत चाळून घ्यावे. चाळणीवर राहिलेले पुढच्या बादलीचे विरजण. नव्या कुंडीसाठी तीन भाग मातीला एक भाग खत मिसळावे. जुन्या कुंडीला महिन्याकाठी एक-दोन मुठी पुरतात. वरची माती हलकी उकरून घालाव्यात व पाणी द्यावे. कढीपत्ता, तुळस, मिरची आणि गवती चहा यांना याचा गुण चटकन दिसतो. बादलीभर ओल्या कचऱ्याचे खत फार थोडे होते, पाव बादलीही नाही, त्यामुळे "एवढे खत ठेवू कुठे?" ही काळजी कुणी करू नये.

सोसायटीचा पाला, घराची वाटणी

माघ-फाल्गुनात झाडे पाने गाळतात आणि आवारात जाळपोळ सुरू होते. तो धूर दम्याच्या रुग्णाच्या छातीत जातो आणि वर्षभराच्या खताला लागणारा कर्ब हवेत उडून जातो. त्याऐवजी कोंबडजाळीचा कमरेएवढा उंच गोल पिंजरा करून पाला त्यात दाबावा आणि अधूनमधून भिजवावा. त्यातून घरोघरच्या बादल्यांना हवा तेव्हा सुका पाला मिळतो आणि तळाचे, सहा-आठ महिन्यांनी, सुंदर पानखत होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे घरीच वर्गीकरण करणे आवश्यक ठरवले, उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी आपला कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही सांगितले. पण नियमाची वाट पाहत बसण्यापेक्षा चार शेजारणींनी मिळून एक पिंजरा उभा करणे सोपे.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. ही बादली म्हणजे गृहिणीच्या डोक्यावर आणखी एक काम, असे झाले तर ती फार दिवस टिकणार नाही. कचरा सर्वांचा, तर बादलीही सर्वांची. चिरणे जो भाजी करतो त्याचे, पाला आणणे मुलांचे, रविवारी खुरप्याने वरखाली करणे घरच्या पुरुषांचे, आणि देखरेख सासूबाईंची. उकिरडा पाहिलेल्या डोळ्यांना बादलीचे दुखणे लवकर कळते. "सूनबाई, आज पाला कमी पडलाय हं," एवढे वाक्य घरात उमटू लागले की प्रयोग यशस्वी झाला असे समजावे.

केरळमधील अलप्पुळा शहराचा दाखला येथे देण्याजोगा आहे. शहराचा कचरा सर्वोदयपुरम या गावात नेऊन टाकला जाई. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. तेव्हा २०१२ पासून तेथे घरोघरी नळकांडीतील खत आणि वस्तीवस्तीत हवेशीर खतपेट्या यांचा मार्ग धरण्यात आला. दुसऱ्या गावाच्या दारात टाकायची सोय संपली, तेव्हा प्रत्येकाला आपले दार दिसले. इंदूरनेही हा धडा पुन्हा गिरवला. ओले-सुके घरोघरी वेगळे घेऊन २०१७ पासून ते शहर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत राहिले, आणि २०२२ मध्ये तेथे ओल्या कचऱ्यापासून वाहनांचे इंधन करणारा रोजच्या ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. पण त्या प्रकल्पाचाही पाया एकच, घरात वेगळा ठेवलेला ओला डबा.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे जुने लोक म्हणत. गॅलरीतल्या उकिरड्याला इतका धीर धरावा लागत नाही. रोजची पाच मिनिटे आणि पोतेभर पाला मिळाला, तर त्याचे पांग तीन महिन्यांत फिटतात. आणि त्याबरोबर कुठल्यातरी अनोळखी गावाच्या विहिरीचे आणि पिशवी उघडणाऱ्या एका बाईच्या बोटांचेही थोडेसे.